रुमालाखालचा हात

गव्हाचा चीक शिजायला लागला की पातेल्यापाशी उभ्या असलेल्या बाईला कुणी हाक मारू नये. ढवळणारा हात थांबला की गुठळी होते, आणि गुठळी झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही. मे संपत आला होता. सकाळचे सात वाजले होते, हे डबा घेऊन नुकतेच बाहेर पडले होते, गच्चीवर मी जुन्या साड्या अंथरून आले होते, आणि मागच्या दाराची कडी वाजली. जोरात नाही. दोनदा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. मी स्नेहलला हाक मारली. पण कॉलेजला सुट्टी असलेली मुलगी सातला उठत नसते. शेवटी ढवळत ढवळतच म्हटलं, दार उघडं आहे, ढकला.

कमळूबाबा होते. चपला बाहेर काढून, पाय झटकून आत आले आणि ओट्यासमोरच्या पाटावर भिंतीला टेकून बसले. पाण्याचा तांब्या मी डाव्या हाताने पुढे केला. काय काम काढलंत विचारलं तर म्हणाले, तुझं होऊ दे आधी, मना घाई नाय. पाच मिनिटांनी वळून पाहिलं तर बसल्या जागी त्यांचा डोळा लागला होता. तोंड अर्धवट उघडं, तांब्या मांडीवर तसाच धरलेला. पहाटेच्या पहिल्या गाडीने आले असणार, आणि गाडीपर्यंत तासभर चालत.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर ते आणि त्यांची बायको बाईजा राहतात. दीड एकर भात, वर उतारावर थोडी नाचणी, थोडी वरी. मुलगा जीवन इथे मुरबाडात कंपनीत कामाला आहे, खोली घेऊन राहतो. नऊ वर्षांमागे कमळूबाबांच्या वनपट्ट्याचा अर्ज मी लिहून दिला होता. तो मंजूर झाला, तेव्हापासून माझं अक्षर लाभतं अशी त्यांची समजूत आहे. पाड्यावर कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाचा दाखला अडला, की त्याला घेऊन माझ्या मागच्या दाराशी येतात. स्वतःचं काम घेऊन मात्र त्यानंतर कधी आले नव्हते.

त्यांना ओळखायचं ते हातावरून. बोटं आंब्याच्या मुळ्यांसारखी, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वाकत नाही. तरुणपणी एका मारक्या गोऱ्ह्याच्या दाव्यात अडकून मोडलं होतं. म्हशाच्या जत्रेतल्या बैलबाजारात या बोटाला मोठी किंमत होती. तिथे बैलाचा भाव कुणी तोंडाने बोलत नाही. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, बोटं सोडवून नाकारतात. आजूबाजूला वीस माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांनाच कळतो. पटलं की पंजात पंजा घट्ट धरायचा. मग घेणारा इसार म्हणून काहीतरी हातावर ठेवतो, बैलाच्या पाठीवर गुलाल टाकतो, आणि तो बैल त्याचा झाला. न्यायला चार दिवसांनी आला तरी चालतं. ते ताठ बोट रुमालाखाली हाताला लागलं की समोरचा म्हणायचा, कमळू आहे, इथे फसवणूक नाही.

ही अब्रू त्यांना वारशाने मिळालेली नव्हती, उलट होती. त्यांच्या बापाने एका वर्षी एकाला हात दिला आणि संध्याकाळी जास्त भाव आला म्हणून बैल दुसऱ्याला दिला. पुढची तीन वर्षं म्हशाच्या बाजारात बापाचा हात कुणी रुमालाखाली घेतला नाही. माणसं बोलायची, चहा पाजायची, पण रुमाल काढायची नाहीत. तेव्हा कमळू बारा वर्षांचे होते आणि बापाबरोबर बैल धरून दिवसभर उभे राहायचे. हे मला त्यांनीच पूर्वी एकदा सांगितलं होतं, अर्जावर वडिलांचं नाव लिहिताना.

चीक उतरवून मी चहा टाकला. कपाच्या आवाजाने ते जागे झाले आणि झोपलोच नव्हतो अशा थाटात बोलायला लागले. आधी मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी असेल. पण ते म्हणाले, एक पत्र लिहायचंय. कुणाला, तर त्या गाणं बोलणाऱ्या पोराला. "गोजरला," ते म्हणाले.

गोजर हे नाव मुरबाडात आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खरं नाव सुनिल, वाढला कल्याणच्या चाळीत, आजोळ इकडचं, म्हशाच्या पलीकडलं. आधी तो मोबाइलवर गाणी टाकायचा. नंतर मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीने त्याला करारात घेतलं, आणि मार्चमध्ये त्याचा अल्बम आला. अल्बमचं नाव 'रुमालाखाली'. स्नेहल महिनाभर तोच ऐकत होती, त्यामुळे भाजी निवडता निवडता माझाही पाठ झाला आहे. सुरुवातीला नुसती बडबड वाटली. चौथ्या-पाचव्या वेळी शब्द कळायला लागले आणि पोरगा काहीतरी मनातलं बोलतोय असं वाटलं. करार करताना त्याला आजोबांनी सांगितलेला म्हशाचा बाजार आठवला, वरून सगळे हसतात आणि खाली बोटं दाबली जातात, असं तो एका मुलाखतीत म्हणाला होता. मुखपृष्ठही तेच आहे. पांढऱ्या रुमालाखाली गेलेले दोन हात, एकात जाडजूड अंगठ्या, दुसरा काळा, गाठीगाठींचा. मागे गुलालाने माखलेला पांढरा बैल, कपाळावर काळा चांद. हातांच्या वरची माणसं फोटोतून कापलेली आहेत.

तो बैल कमळूबाबांचा चांद्या, आणि तो काळा हात कमळूबाबांचा, हे मला ठाऊक होतं. साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये नाक्यावर मोठा बॅनर लागला होता तेव्हा कमळूबाबा त्याच्याखाली एसटीची वाट पाहत उभे होते आणि फोटो काढणाऱ्या पोरांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, ही गोष्ट जीवनने आम्हाला हसत हसत सांगितली होती. पत्र कशासाठी ते मात्र मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

झालं होतं असं. चांद्याचा जोडीदार कार्तिकात साप चावून मेला. एकटा बैल म्हणजे अर्धा नांगर. नवा जोडीदार आणून पुन्हा सगळं मांडायचं तर कमळूबाबांचे गुडघे राहिले नव्हते. म्हणून त्यांनी ठरवलं, चांद्याला चांगलं घर बघून द्यायचा आणि शेती बटाईने द्यायची. पौषातल्या जत्रेला त्याला म्हशाला नेला. दुसऱ्या दिवशी एक गाडी आली. पिवळं जाकीट, गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या घातलेला पोरगा उतरला आणि बरोबर तिघेचौघे, एकाकडे कॅमेरा. हल्ली शर्यतीसाठी बैल घेणारी श्रीमंत पोरं अशीच येतात, साखळ्या घालून, आणि बैल घेतानाचा व्हिडिओ काढतात. कमळूबाबांना त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. कॅमेरावाला हिंदीत म्हणाला, बाबा, जैसा रोज करते हो वैसा करो. पोराने रुमालाखाली हात घातला आणि चार बोटं दाबली.

एक बोट म्हणजे दहा हजार. तोवर कुणी तिनाच्या वर गेलं नव्हतं. कमळूबाबांनी पंजा घट्ट धरला.

मग बरोबरच्या एकाने बैलाच्या पाठीवर मुठीमुठीने गुलाल टाकला. कॅमेऱ्यात रंग उठून दिसावा म्हणून टाकला होता, पण हे कमळूबाबांना कोण सांगणार? जाताना त्यांनी पाचशेची नोट हातावर ठेवली आणि म्हणाले, आते हैं. हात झाला, गुलाल झाला, इसार झाला. बैल विकला गेला.

ते तीन दिवस म्हशाच्या माळावर थांबले. पाठीवर गुलाल असलेल्या बैलाला कुणी भाव विचारत नाही, विचारूच नये असा रिवाज आहे. घोंगड्यांची दुकानं उठली, पाळणे उतरवले, तेव्हा ते चांद्याला घेऊन चालत घरी आले. येईल पोरगा, त्याला पत्ता लागेलच, असं बाईजाला म्हणाले.

मार्चमध्ये जीवनने मोबाइलवर तो फोटो दाखवला आणि उलगडा केला. सौदा नव्हता, चित्र काढत होते. नोट त्या कामाची होती. बाबा, बैल तुमचाच आहे, विका खुशाल. एवढं सगळं ऐकून कमळूबाबा म्हणाले, चित्र काढलं असेल. हात खोटा नव्हता.

तेव्हापासून चांद्या त्यांच्या गोठ्यात परक्याचा बैल म्हणून राहतोय. परक्याच्या बैलाला जुंपता येत नाही, म्हणून भाताच्या रोपांसाठी राब भाजायला त्याच्यावरून पाला आणला नाही. बाईजा आणि ते दोघं डोक्यावरून आणत राहिले. परक्याच्या बैलाला उपाशीही ठेवता येत नाही. चैत्रात गवत संपलं तेव्हा आधी त्याला विकतचा पेंढा आला. बाईजा म्हणते, घरात दोन म्हातारी आणि एक पावणा, पावण्याला पहिलं ताट. वर शनिवार-रविवारी पोरं मोटारसायकलवरून येतात, चांद्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात, त्याला बिस्किटं चारतात. आता तो नुसतं गवत दिलं की तोंड फिरवतो. मुखपृष्ठाचा एक फाटका बॅनर जीवनने गोठ्यावर घातला आहे, त्यामुळे चांद्या स्वतःच्याच फोटोखाली बसतो, हेही बाईजाच सांगत असते. हसतात सगळे. कमळूबाबा हसत नाहीत, कारण पहाटे चारला उठून चाऱ्याला जायचं त्यांना असतं.

"पाच महिने झाले, बाय," ते म्हणाले. "मी थकलो."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

मी जीवनचीच बाजू पुन्हा मांडून पाहिली. म्हटलं, कमळूबाबा, त्या पोराला बैल नकोच आहे. त्याला आठवतही नसेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकावं तसं. नंतर म्हणाले, त्याला आठवत नसेल तर तो त्याचा भाग. माझ्या हाताला आठवतं. आणि मग खरी अडचण सांगितली. वैशाखरे गावचा भगीरथ म्हणून एक जण आहे. घाटाखाली त्याची उताराची वावरं, वर पॉवर टिलर चढत नाही. त्याच्या पांढऱ्या बैलाचाही जोडीदार गेला. चांद्याला बघून गेला, दोनदा आला, बैलाच्या तोंडावरून हात फिरवत बसला. भाव तीन बोटंच देतो, पण माणूस बैलाला मारणारा नाही. त्याने मिरगापर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलंय. मिरगाला पेरणी आली की तो घाट चढून जुन्नरच्या बाजूने दुसरा बैल आणणार. मग चांद्या कायमचा गोठ्यात, आणि हे दोघं कायमचे त्याच्या दाव्याला. मिरगाला दहा दिवस उरले होते.

एव्हाना स्नेहल उठून चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पत्र कशाला, फोन लावते, म्हणाली. मोबाइलवर गोजरचं पान आहे, त्यावर त्याच्या माणसांचा नंबर होता. तिसऱ्या वेळेला शेखर नावाच्या त्याच्या मॅनेजरने उचलला. स्नेहलने फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि ओट्यावर, चिकाच्या पातेल्याजवळ ठेवला.

त्या शेखरला आधी वाटलं आम्ही पैसे मागतोय. तो म्हणाला फोटोचे दिले होते, पण अल्बम चांगला चाललाय, म्हाताऱ्याला अजून काही पाठवता येईल, बँकेचं पासबुक पाठवा. स्नेहलने सांगितलं पैसे नकोत. त्याला ते समजेना. तीन वेळा सांगितल्यावर तो हसला, वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, मग मी सांगतो ना, बाबा, बैल आपका है, फ्री, ले जाओ.

कमळूबाबांनी फोनकडे बघितलं. "तुझा हात नव्हता रे," ते म्हणाले.

शेखरचं हसणं थांबलं. मग आवाज बदलून, जरा माणसासारखं बोलला. त्याचं म्हणणं असं की सुनिल दौऱ्यावर आहे, आणि असता इथे तरी त्याला असं फोनवर आणता येणार नाही. करारात आहे तसं. त्याचं गाणं, त्याचा आवाज, त्याचा एखादा व्हिडिओ, या अल्बमबद्दल तो कुठे एक वाक्य बोलणार असला तरी कंपनीला आधी विचारावं लागतं. उद्या कुणी ते रेकॉर्ड करून टाकलं तर? मागे त्याने आईच्या वाढदिवसाला घरी गाणं म्हटलं, कुणीतरी टाकलं, तर तेसुद्धा काढायला लावलं. अजून दोन अल्बम द्यायचेत त्याने, तीन वर्षं. सुटायचं म्हटलं तरी सुटता येत नाही. मी विचारून बघतो, म्हणाला, पण शब्द देत नाही. शब्द देत नाही, हे त्याने स्वच्छ सांगितलं याबद्दल मला त्याचं बरं वाटलं.

फोन बंद झाल्यावर कमळूबाबांनी स्नेहलला विचारलं, तो काय काय बोलला ते नीट सांग. तिने सोपं करून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे त्या पोराचापण सौदा झालाय. स्नेहल हो म्हणाली, त्याच्यावरच तर गाणं आहे, आणि कुणी न मागता तिने ते लावलं. स्वयंपाकघरात ढोलासारखं काहीतरी घुमायला लागलं आणि त्यावर तो भराभर बोलायला लागला,

*बोटं दाबली तीन, वर फडकं पांढरं,*
*सांग कोण इथं धनी, सांग कोण जनावर*

कमळूबाबांनी मान खाली घालून पूर्ण ऐकलं. मला वाटलं, काहीतरी मनाला लागलं असेल.

"तीन नाय," ते म्हणाले. "चार दाबलेली."

स्नेहल हसायला लागली, मग मीही. तेही थोडेसे हसले, त्या सकाळी पहिल्यांदाच. पण लगेच दुसरीच काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागली. बराच वेळ ते वाकत नसलेलं बोट दुसऱ्या हाताने चोळत बसले. तो पोरगाच दुसऱ्याच्या दाव्याला बांधलेला असेल तर त्याला बैल सोडायचा हक्क आहे का, की तोही कंपनीला विचारायचा? त्यांनी हे मला विचारलं. मी बी. ए. आहे, राज्यशास्त्र घेऊन. असा प्रश्न आमच्या पुस्तकात नव्हता.

उत्तर त्यांनी स्वतःच काढलं. कंपनीचा हात रुमालाखाली नव्हता. अंगठ्या त्याच्या होत्या, घाम त्याचा होता. तो घाम त्यांना तेव्हाच जाणवला होता. मनात आलं होतं की पहिलाच बैल घेतोय बिचारा. तेव्हा सोडायचा तर त्यानेच.

"मग पत्रच लिहू," मी म्हटलं. शेखरने फोन ठेवण्याआधी एक पत्ता दिला होता, कल्याणचा, गोजरच्या आईच्या घराचा. तिथे कंपनी उघडून बघणार नाही असं तो म्हणाला होता.

चीक गार व्हायला लागला होता. त्या दिवशीच्या कुरडया बिघडणार हे मला दिसत होतं. मी स्नेहलला सोऱ्या देऊन गच्चीवर पाठवलं आणि हात धुऊन कागद घेतला. सवयीने वर लिहिलं, माननीय महोदय. कमळूबाबांनी ते वाचून दाखवायला लावलं आणि खोडायला लावलं. तो काय तहसीलदार आहे? सुनिल लिही, म्हणाले. मग मी म्हशाच्या जत्रेपासून सगळं लिहायला घेतलं, पाच महिन्यांचा चारा, बाईजाचं डोक्यावरून पाला आणणं, गुडघे. अर्ध्या पानावर त्यांनी पुन्हा थांबवलं. ते नको. त्याला वाईट वाटेल, आणि वाईट वाटलं की माणूस पैसे पाठवतो. मला त्याचे पैसे नकोत. इसाराची नोट लावून दे पत्राला, तेवढं बरोबर होईल.

मी दुसरा कागद घेतला. या वेळी कमळूबाबा ताठ बसले, तांब्या बाजूला ठेवला, आणि एकेक शब्द माझं पेन थांबलं की पुढचा, असं सांगत गेले. मी त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलं, एक अक्षर न बदलता. जीवनचा नंबर आधी आला. त्यानंतर एवढंच होतं:

"सुनिल, मिरगाच्या आधी तू स्वतः मना फोन कर आनि तुझ्या तोंडानं येवढाच बोल, कमळू, मी बैल सोडला."